प्रॉस्टेटची पीडा आणि तिचीं औषधें

दिवाळी सरली कीं गोंदिया जिल्ह्यांतील खेड्यांतून मंडया भरूं लागतात. दिवसा बाजार व दंडार, आणि रात्रीं नाटक, असा तो थाट असतो. झाडीपट्टींतील नाटक अर्ध्या रात्रींत आटोपत नाहीं. पहांट होईपर्यंत मंडप गजबजलेला असतो. अशा मंडपांत कोणी नीट निरखून पाहिलें, तर साठी उलटलेले पुष्कळ गृहस्थ पुढली मानाची जागा सोडून अगदीं कडेला, वाटेजवळ बसलेले दिसतील. त्यांस नाटकाची गोडी नसते असें नाहीं. परंतु तासा-दीड तासानें उठावें लागतें, आणि दर वेळीं बैठकींतून लोकांचे पाय तुडवीत जाण्याची लाज वाटते. कित्येकजण तर मंडईस जाण्याचेंच सोडून देतात आणि "आतां वय झालें" एवढेंच कारण सांगतात. खरें कारण त्यांच्या बायकामुलांसहि ठाऊक नसतें.

तें खरें कारण म्हणजे बहुधा प्रॉस्टेट नांवाची ग्रंथि होय. मराठींत हिला पुरःस्थ ग्रंथि किंवा पौरुषग्रंथि म्हणतात. ही फक्त पुरुषांसच असते. मूत्राशयाच्या तोंडाशीं, खालच्या अंगास, ती मूत्रनलिकेला चोहोंकडून वेढून बसलेली असते. ऐन तारुण्यांत तिचा आकार अक्रोडाएवढा व वजन सुमारें २० ग्रॅम असतें, आणि वीर्यांतील पातळ द्रवाचा कांहीं भाग तयार करणें हें तिचें काम असतें. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढूं लागते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत, आणि ऐंशीच्या पुढें बहुतेकांत, ही वाढ सूक्ष्मदर्शकाखालीं दिसून येते. केस पिकतात तशीच ही गोष्ट. तींत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण नलिका या ग्रंथीच्या पोटांतून गेलेली असल्यामुळें ती आवळली जाते. मग धार बारीक होते, ती सुरू होण्यास वेळ लागतो, झाल्यावरहि कांहीं उरल्यासारखें वाटतें, आणि रात्रीं तीन-चार वेळां बिछाना सोडावा लागतो.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांस अशा रोग्यांची ओळख होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत, त्यांत वाताष्ठीला नांवाचा एक प्रकार आहे. गुद व बस्ति यांच्या दरम्यान गोट्यासारखी कठीण व उंच गांठ उत्पन्न होते आणि ती मलमूत्राचा मार्ग अडविते, असें त्याचें लक्षण दिलें आहे. ही गांठ म्हणजे प्रॉस्टेटच होय असें कित्येक आधुनिक वैद्य मानतात. तें मत वादग्रस्त ठरलें तरी, अडलेल्या म्हाताऱ्याचें चित्र मात्र त्या वर्णनांत हुबेहूब उतरलें आहे.

औषधांकडे वळण्यापूर्वीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सर्व निवड त्यावर अवलंबून आहे. प्रॉस्टेट नुसती वाढली म्हणजे ती दुखत नाहीं. तिच्या वाढीनें त्रास होतो, खोळंबा होतो, झोप मोडते; परंतु ठणका लागत नाहीं. ठणका लागला, तर त्याचें कारण निराळें शोधावें लागतें. ग्रंथींत जंतूंचा प्रवेश झाला असेल, मूत्राशय तुंबून फुगलें असेल, खडा झाला असेल, ओटीपोटाच्या तळाचे स्नायु व मज्जातंतु दुखरे झाले असतील, किंवा, क्वचित् कां होईना, कर्करोग हाडापर्यंत पोंचला असेल. म्हणून औषधाच्या दुकानांत जाऊन "प्रॉस्टेट दुखते, गोळी द्या" असें म्हणणें म्हणजे "घर गळतें, कांहीं तरी द्या" असें म्हणण्यासारखें आहे. कौल फुटला आहे कीं भिंतींत पाणी मुरतें आहे हें पाहिल्यावांचून कोण काय देणार?

जंतुजन्य दाहाची गोष्ट प्रथम घेऊं. यांत हुडहुडी भरून ताप येतो, लघवीला आग होते, वृषणांच्या मागें शिवणीशीं व कंबरेंत ठणका लागतो, कधीं लघवी बंदहि पडते. सालेकसा, देवरी यांसारख्या जंगलपट्टीच्या तालुक्यांत हुडहुडी भरून ताप आला कीं लोकांच्या मनांत पहिला विचार हिवतापाचा येतो, आणि रक्ताची तपासणी करून घेणें योग्यच आहे. मात्र रोग्यानें लघवीच्या आगीची गोष्ट लाजेनें गिळून टाकली, तर वैद्याला ती कळणार कशी? या दाहावर जंतुनाशक औषधें हाच मुख्य उपाय. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, कोट्रायमॉक्सॅझोल हीं नांवें पुष्कळांच्या कानांवरून गेलेलीं असतात. तीं निवडण्याचें कारण असें कीं, इतर बरींचशीं जंतुनाशकें या ग्रंथीच्या आंत पुरेशीं शिरत नाहींत, हीं शिरतात. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उतरतो आणि येथेंच घोटाळा होतो. रोगी म्हणतो, बरें वाटलें. उरलेल्या गोळ्या फडताळांत जातात. वस्तुतः तीव्र दाहांत हीं औषधें दोन ते चार आठवडे, आणि जुनाट दाहांत चार ते सहा आठवडे घ्यावीं लागतात. अर्धवट सोडल्यास चिवट जंतु ग्रंथींत दबा धरून बसतात व महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां डोकें वर काढतात.

या औषधांचे दोन दोषहि सांगणें अवश्य आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गांतील औषधांनीं साठीपुढील माणसाच्या टांचेमागील शीर दुखावते, प्रसंगीं तुटतेहि. टांचेच्या मागें दुखूं लागल्यास गोळी थांबवून डॉक्टरास कळवावें. दुसरें असें कीं, हीं औषधें क्षयाच्या जंतूंनाहि अर्धवट दाबतात. त्यामुळें मूत्रमार्गाचा किंवा फुफ्फुसाचा क्षय असला तर तो कांहीं काळ झांकला जाऊन निदान लांबतें. जंतुनाशक सुरू करण्यापूर्वीं लघवीचा नमुना जंतुपरीक्षेसाठीं द्यावा असें डॉक्टर म्हणतात.

तीन महिन्यांहून अधिक काळ शिवणीशीं, वृषणांत, ओटीपोटांत किंवा शिश्नाच्या टोकाशीं दुखत राहतें, आणि लघवींत जंतु मात्र सांपडत नाहींत, असाहि एक विकार आहे. प्रॉस्टेटच्या दाहाच्या नांवाखालीं येणाऱ्या रोग्यांत बहुसंख्य याच प्रकारचे असतात, आणि त्यांत म्हाताऱ्यांपेक्षां तिशी-चाळिशीचे अधिक. यावर एकच एक रामबाण औषध नाहीं. आरंभीं एकदां जंतुनाशकाचा क्रम देऊन पाहतात, पण गुण नसतां तो पुनःपुन्हां चालविणें व्यर्थ होय. कांहींना नलिकेचे स्नायु सैल करणाऱ्या गोळ्यांनीं, कांहींना दाहशामक गोळ्यांनीं, तर कांहींना रात्रीं थोड्या मात्रेंत दिलेल्या अमिट्रिप्टिलीननें आराम पडतो. हें शेवटचें औषध मात्र वृद्धास व लघवी अडणाऱ्यास विचारपूर्वकच द्यावें लागतें. ओटीपोटाच्या तळाचे स्नायु सैल सोडण्याचा व्यायाम शिकविणारे तज्ज्ञ असतात, त्यांचाहि उपयोग होतो. आणि घरचा उपाय म्हणजे कटिस्नान. मोठ्या घमेल्यांत किंवा टबांत सोसवेल इतकें कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटें बसावें. निसर्गोपचारवाल्यांनीं एके काळीं थंड कटिस्नानाचा मोठा गवगवा केला होता. येथें काम आहे तें उबेचें.

आतां साध्या वेदनाशामकांविषयीं. पॅरासिटामॉल हें त्यांतल्या त्यांत निर्धोक. ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांच्या अंतरानें घेतल्यास सहसा अपाय होत नाहीं. यकृताचा विकार असणाऱ्यानें किंवा नित्य मद्य घेणाऱ्यानें मात्र विचारून घ्यावी. डायक्लोफिनॅक व आयब्युप्रोफेन यांनीं दाह व ठणका दोन्ही कमी होतात, पण रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत अंगदुखीवर हीं गोळी शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते, ही मोठी वाईट खोड आहे. ज्याच्या मूत्राशयांत लघवी तुंबून तिचा दाब उलट मूत्रपिंडांवर पडत आहे, त्याच्या मूत्रपिंडांस या गोळ्या दुहेरी घाव घालतात. ट्रॅमाडॉल, कोडीन अशा अफूच्या जातीच्या औषधांनीं वेदना शमते खरी, परंतु मलावरोध होतो आणि लघवीहि अडूं शकते. लघवीची आग शमविणारें गोड सिरप घरोघर दिसतें. त्यानें जळजळ कांहींशी कमी होते, जंतु मरत नाहींत. त्यांत सोडियमचा क्षार असतो, म्हणून रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें तें मन मानेल तसें पिऊं नये.

वाढलेल्या ग्रंथीवरचीं खरीं औषधें दोन जातींचीं आहेत. पहिल्या जातींतील टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन हीं मूत्राशयाच्या तोंडाचे व ग्रंथींतील स्नायु सैल करतात. ग्रंथि लहान होत नाहीं, पण आवळलेली वाट मोकळी होते, आणि गुण कांहीं दिवसांत किंवा आठवड्या-दोन आठवड्यांत दिसूं लागतो. टॅम्सुलोसिनची नेहमींची मात्रा ०.४ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. ती रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासानें, न चावतां, न फोडतां गिळावी. उपाशीपोटीं घेतल्यास औषध झपाट्यानें रक्तांत शिरून चक्कर येण्याचा संभव अधिक. प्राझोसिन व टेराझोसिन हीं याच जातींतील जुनीं औषधें रक्तदाब बरेंच उतरवितात, म्हणून त्यांची पहिली मात्रा निजतांना घेण्याची चाल आहे. खेड्यांतील घरांत संडास बहुधा परसांत असतो. रात्रीं लघवीची घाई होऊन म्हातारा एकदम उठतो, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि उंबऱ्यावर आदळून खुब्याचें हाड मोडतें. बाजेच्या कांठावर मिनिटभर पाय सोडून बसावें, मग उठावें. या औषधानें समागमाच्या वेळीं वीर्य बाहेर न पडतां मूत्राशयांत जातें; त्यापासून अपाय नाहीं, पण आधीं माहीत नसल्यास माणूस घाबरून औषध टाकून देतो.

दुसऱ्या जातीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. डॉमिनिकन रिपब्लिक या देशांतील एका खेड्यांत कांहीं मुलें जन्मतः मुलींसारखीं दिसत आणि वयांत आल्यावर पुरुष होत. ज्युलियन इंपेराटो-मॅकगिनली या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं या मुलांचें कोडें उलगडलें. पुरुषत्वाच्या अंतःस्रावाचें एका अधिक प्रखर द्रव्यांत रूपांतर करणारा किण्वपदार्थ त्यांच्या शरीरांत कमी होता, आणि मोठेपणीं त्यांची प्रॉस्टेट अगदीं लहान राहत असे. तेव्हां शास्त्रज्ञांनीं विचार केला कीं, तें रूपांतर औषधानें थांबविलें तर वाढलेली ग्रंथि आक्रसेल काय? त्यांतून फिनास्टराइड निघालें व १९९२ सालीं अमेरिकेंत या विकारावर मान्य झालें. ड्युटास्टराइड हें त्याचें धाकटें भावंड. यांनीं ग्रंथि सुमारें पाव हिश्श्यानें लहान होते, पण त्यास सहा महिने लागतात, आणि ग्रंथि मुळांतच मोठी नसेल तर फारसा लाभ नाहीं. महिनाभर घेऊन "गुण नाहीं" म्हणून सोडणारा रोगी पैसा व औषध दोन्ही फुकट घालवितो. घरांत गर्भवती सून वा लेक असेल तर तिनें या गोळीच्या चुऱ्यास हात लावूं नये, कारण पोटांतील मुलग्याच्या वाढीस तें घातक ठरूं शकतें. अमेरिकेंत तीन हजारांहून अधिक पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षें चाललेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत दोन्ही जातींचीं औषधें एकत्र दिल्यास रोग पुढें सरकण्याचें प्रमाण, कोणतेंहि एकटें दिल्यापेक्षां, अधिक कमी होतें असें दिसून आलें.

वनस्पतींचा मोह आपल्या लोकांस फार. गोखरू, वायवर्ण्याची साल, पुनर्नवा हीं वैद्यांच्या नेहमींच्या वापरांतलीं, आणि पळस तर या जिल्ह्याच्या रानोमाळ. लघवी अडली कीं पळसाचीं फुलें वाफवून ओटीपोटावर बांधण्याचा रिवाज जुना आहे. उबेनें बरें वाटतें, यांत शंका नाहीं. पण तुंबलेली वाट त्यानें उघडतेच असें नाहीं, आणि फुलें गोळा करून, उकळून, बांधून वाट पाहण्यांत जे तास जातात ते मोलाचे असतात. परदेशांतहि हा मोह आहे. सॉ पामेटो नांवाच्या अमेरिकन ताडवर्गीय झाडाच्या फळाचा अर्क लाखो लोक घेत. २२५ पुरुषांवर वर्षभर प्रयोग करून २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तो अर्क व पोकळ गोळी यांत कांहींच फरक आढळला नाहीं.

आतां असा प्रसंग कल्पावा. श्रावणाची झड लागली आहे. अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील सत्तरीचा एक शेतकरी दिवसभर बांधींत, गुडघाभर चिखलांत, रोवणीवर उभा आहे. वारंवार बांधावर जावें लागूं नये म्हणून त्यानें सकाळपासून पाणीच घेतलेलें नाहीं. भिजून सर्दी झाली, तेव्हां संध्याकाळीं चौकांतल्या दुकानांतून सर्दीची गोळी आणविली. अशा गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन हीं द्रव्यें असतात. पहिलें मूत्राशयाचें आकुंचन मंद करतें, दुसरें त्याचें तोंड आवळतें. नऊ वाजतां लघवीची घाई आहे पण थेंब येत नाहीं. अकरा वाजतां ओटीपोट घट्ट फुगून कळा येऊं लागतात. मुलगा समजतो, पोट दुखतें आहे. तो पोटदुखीची गोळी देतो. ती बहुधा डायसायक्लोमाइनची किंवा हायोसीनची असते आणि मूत्राशयाचा उरलासुरला जोरहि काढून घेते. "पाणी प्या म्हणजे उतरेल" असा सल्ला शेजारी देतो, आणि भरल्या घागरींत आणखी भर पडते. सर्वांचा हेतु चांगला, आणि प्रत्येक उपायानें म्हातारा अधिकच अडला!

येथें औषध एकच, आणि तें गोळींत नाहीं. निर्जंतुक नळी घालून लघवी काढणें, हाच तो उपाय. ज्यानें ही नळी पडतांना पाहिली आहे त्याला ठाऊक असतें कीं, पांच मिनिटांपूर्वीं विव्हळणारा माणूस डोळे मिटून स्वस्थ पडतो. एवढी झटपट वेदना शमविणारें दुसरें औषध वैद्यकांत क्वचितच असेल. म्हणून रात्र असो, पाऊस असो, १०८ क्रमांकास फोन करावा व जवळच्या ग्रामीण रुग्णालयांत जावें. त्यानंतर नळी कांहीं दिवस ठेवून टॅम्सुलोसिन किंवा अल्फुझोसिन सुरू करतात व मग ती काढून पाहतात. औषधाशिवाय काढण्यापेक्षां अशा रीतीनें आपोआप लघवी होण्याचा संभव वाढतो. तरीहि न झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. ती आतां पोट न फाडतां दुर्बिणीनें होते. पोट उघडून वाढलेली ग्रंथि समूळ काढण्याची कृति १९०० च्या सुमारास लंडनमध्यें प्रसिद्धीस आणणारे पीटर फ्रेयर हे त्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें हिंदुस्थानांत सरकारी वैद्यकीय नोकरींत होते, आणि मुतखडे काढण्यांत त्यांचा हात येथेंच बसला होता.

याहून फसवा प्रकार म्हणजे न दुखणारा. मूत्राशय महिनोन् महिने थोडें थोडें तुंबत जातें, त्याची संवेदना बोथट होते, आणि लघवी थेंबथेंब आपोआप गळूं लागते. म्हातारा बिछाना ओला करतो, सून नाक मुरडते, पण दुखत नाहीं म्हणून कोणी दवाखान्यांत नेत नाहीं. इकडे मूत्रपिंडें निकामी होत असतात. बिछाना ओला करणाऱ्या वृद्धाची सोनोग्राफी व रक्तांतील क्रिएटिनिनची तपासणी केलीच पाहिजे.

पाठीच्या कण्यांत किंवा खुब्यांत रात्रंदिवस दुखणें, वजन उतरणें, लघवींतून रक्त जाणें, अशीं चिन्हें असल्यास कर्करोगाचा संशय घ्यावा लागतो. त्यासाठीं बोटानें ग्रंथि चांचपणें, आणि रक्तांतील पीएसए या द्रव्याचें मोजमाप, हे आरंभींचे उपाय. फिनास्टराइड सहा महिने घेतलेल्या माणसाचा हा आंकडा निम्म्यावर येतो. तें न सांगितल्यास डॉक्टराची फसगत होते. मूत्रमार्गाच्या दाहांत तोच आंकडा उगाच फुगतो. कर्करोग ठरला तरी सर्वच संपलें असें नव्हे. पुरुषी अंतःस्राव बंद केल्यानें या रोगास उतार पडतो, हें चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं दाखविलें व त्याबद्दल त्यांस १९६६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हाडांचा ठणका या उपचारानें पुष्कळदां थोड्याच दिवसांत ओसरतो.

सोयींविषयीं थोडें. गोंदिया हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला जिल्हा. येथें २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालूं आहे. मूत्रविकारांच्या विशेषज्ञाची गरज पडल्यास रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटरवरील नागपूर गांठावें लागतें, पण आरंभींची तपासणी, नळी व औषधें यांसाठीं नागपूरची वाट पाहण्याचें कारण नाहीं. टॅम्सुलोसिन वर्षानुवर्षें घ्यावें लागतें; तेंच औषध जनऔषधि केंद्रांत बरेंच स्वस्त पडतें. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेंत बसतो कीं काय याची चौकशी रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे करावी.

हिंवाळ्यांत मोतीबिंदूचीं शिबिरें भरतात आणि गांवोगांवचे वृद्ध गाडी भरून तेथें जातात. टॅम्सुलोसिन घेणाऱ्याच्या डोळ्यांतील बाहुलीभोंवतालचा पडदा शस्त्रक्रियेच्या वेळीं लुळा पडून फडफडतो, असें अमेरिकेंतील दोन नेत्रवैद्यांनीं २००५ सालीं प्रथम दाखवून दिलें. आधीं कळलें तर शस्त्रवैद्य त्याची तजवीज करून काम बिनधोक पार पाडतो. न कळलें तर डोळ्यास इजा होण्याची भीति असते. आदल्या दिवशीं गोळी बंद करून भागत नाहीं, कारण पूर्वीं घेतलेल्या औषधाचाहि परिणाम राहतो. डोळ्यांच्या डॉक्टरापुढें लघवीचें औषध कशाला काढायचें, असें म्हाताऱ्यास वाटतें. म्हणून शिबिरास निघतांना त्याच्या सदऱ्याच्या खिशांत त्या औषधाची रिकामी पट्टी घरच्या माणसानें आठवणीनें ठेवून द्यावी.